धरणाच्या अनोळखी पाण्यात एकट्याने स्कूबा: तयारी कोरड्या तळापासून

पुण्याहून सकाळी निघून गोड्या पाण्यात डाइव्ह करायची, तर हाताशी असतं ते धरणांचं बॅकवॉटर: पानशेत, वरसगाव, पवना, भाटघर, मुळशी. या पाण्याखाली जुनी शेतं आहेत. दगडी ताली (शेतांचे बांध), विहिरी, घरांची जोती, झाडांचे बुंधे, कुठे कुठे मंदिरंही. मालवण-तारकर्लीला शिकलेल्या डाइव्हरला असल्या तळाची सवय नसते. पण समुद्रात कधीच न मिळणारी एक सोय इथे आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरतं आणि तळाचा मोठा भाग उघडा पडतो. पवनेतलं वाघेश्वराचं मंदिर तेव्हाच बाहेर येतं. म्हणून डिसेंबरातल्या डाइव्हची तयारी मे महिन्यात, पायी करायची.

त्याआधी दोन गोष्टी. एकट्याने डाइव्ह करायचं प्रशिक्षण वेगळं असतं. पॅडी या डाइव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या सेल्फ रिलायंट कोर्सला किमान 18 वर्षं वय आणि 100 नोंदवलेल्या डाइव्ह लागतात. एसडीआय या दुसऱ्या संस्थेच्या सोलो कोर्सलाही 100 डाइव्ह, वय 21. तेवढा अनुभव नसेल तर जोडीदार घेऊनच उतरा. आणि अनुभव असला तरी नव्या जलाशयातली पहिली डाइव्ह जोडीदाराबरोबरच करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. दुसरी गोष्ट परवानगीची. बहुतेक धरणं जलसंपदा विभागाची आहेत, मुळशी टाटा पॉवरचं. संबंधित कार्यालयाची लेखी परवानगी घ्या, पोलीस ठाण्यात कळवून ठेवा. परवानगी मिळाली नाही तर ती जागा सोडा. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात. तशीही तेव्हा पाण्यात उतरण्यात काही अर्थ नसतो, कारण पाणी लाल गढूळ असतं.

मे महिन्यातली पाहणी

ज्या उतारावरून डिसेंबरात उतरायचं तो काठापासून ओसरलेल्या पाण्यापर्यंत चालून काढा. विहीर, बुंधा, ताल, तारेचं कुंपण, टाकून दिलेलं जाळं, जे अडकवेल किंवा फसवेल ते फोनमध्ये जीपीएससह टिपून ठेवा. त्या दिवशीची धरणाची पाणीपातळी मीटरमध्ये लिहून ठेवा; जलसंपदा विभागाच्या रोजच्या अहवालात ती असते. पुढचं गणित सोपं आहे. समजा मे महिन्यात पाणी एका विहिरीच्या तोंडाशी टेकलं होतं तेव्हा पातळी 621 मीटर होती आणि डाइव्हच्या दिवशी ती 633 आहे. मग विहिरीचं तोंड 12 मीटर खोल आहे. असे चार-पाच बिंदू मिळाले की स्लेटवर (पाण्याखाली लिहायची पाटी) पुरेसा नकाशा होतो. मे चुकला असेल तर गूगल अर्थवर जुन्या तारखांच्या उपग्रह प्रतिमा पाहा. उन्हाळ्यातल्या प्रतिमेत ताली आणि रस्ते ओळखू येतात, तारा आणि जाळी मात्र दिसत नाहीत.

विहिरीची विशेष धास्ती बाळगा. गढूळ पाण्यात तळ धरून जाणारा डाइव्हर तिच्यात नकळत उतरतो, आणि वर यायच्या वाटेवर कठडा असतो. विहीर, घर, मंदिराचा गाभारा, जिथून सरळ वर येता येत नाही तिथे एकट्याने जायचं नाही.

भिंत, सांडवा आणि विमोचक (धरणातून पाणी सोडायची वाट) यांपासून किमान अर्धा किलोमीटर लांब राहा. अडलेलं पाणी जिथून सुटतं तिथली ओढ लांबून जाणवत नाही, जवळ गेल्यावर एकदम पकडते. 10 मीटर खोलीवर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब असतो. पलीकडे मोकळी हवा असेल तर 30 बाय 30 सेंटिमीटरच्या भोकावर माणूस सुमारे 900 किलोच्या जोराने चिकटतो. त्यातून कुणी सुटत नाही. पाणी फक्त भिंतीतूनच सुटतं असंही समजू नका. मुळशीचं पाणी पश्चिमेला, कोकणातल्या भिऱ्याच्या वीजघराकडे वळवलेलं आहे. म्हणजे तिथे भिंतीपासून लांब गेलात तरी काम संपत नाही; पाणी कुठून उचललं जातं हे परवानगी घेतानाच विचारून नकाशावर खूण करून घ्या.

जाळी

या पाण्यात सगळ्यात जास्त धोका तंगुसाच्या (पारदर्शक नायलॉन धाग्याच्या) जाळ्यांचा. ती पाण्यात दिसतच नाहीत. मच्छीमार बहुधा संध्याकाळी जाळी लावतात आणि सकाळी काढतात, म्हणून भल्या पहाटे उतरू नका. ती काठावर आल्यावर उतरा. जाळी कुठे लावता आणि कुठे अडकून तुटली, हे आधी त्यांनाच विचारा. एवढी नेमकी माहिती दुसऱ्या कुणाकडे नसते.

कापायला दोन हत्यारं हवीत: एक छोटा लाइन कटर आणि एक मजबूत कात्री. दोन्ही छातीच्या पट्ट्यांवर, डाव्या-उजव्या कोणत्याही हाताने पोचतील अशी. पायाला बांधलेली सुरी जाळ्यात अडकल्यावर हाताला येत नाही. जाळं बहुतेक वेळा मागे सिलिंडरच्या व्हॉल्व्हला अडकतं. वळून पाहण्याचा मोह आवरा, वळलं की ते अंगाभोवती गुंडाळतं. थांबा, गेज बघा, आलात तसे सरळ मागे सरका. सुटलं नाही तर एकेक धागा ताणून कापा. तरीही नाहीच, तर तोंडातला रेग्युलेटर (श्वास घ्यायचं उपकरण) तसाच ठेवून बीसीडी (सिलिंडर बांधलेलं, हवा भरून तरंगायचं जॅकेट) काढून पुढे घ्या आणि डोळ्यांसमोर कापा. हे आधी तरणतलावात, मास्क झाकून, जमेपर्यंत करून ठेवा.

हवा

आपली ही धरणं समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंचीवर आहेत. डाइव्हच्या हिशेबात 300 मीटरच्या वरचं पाणी उंचावरचं धरतात. डाइव्ह कॉम्प्युटर उंची आपोआप घेतो की हाताने टाकावी लागते, ते त्याच्या पुस्तिकेत पाहा. सेटिंग गोड्या पाण्याचं ठेवा, नाहीतर तो खोली तीनेक टक्क्यांनी कमी दाखवेल आणि तुमच्या नकाशाशी आकडे जुळणार नाहीत.

कमाल खोली 12 मीटर ठेवा. एक जुना ठोकताळा असा की एका श्वासात जितकं खोल जाऊन येता येतं त्याच्या दुपटीपेक्षा खाली एकट्याने जाऊ नये. सूर मारून पाच मीटरच जमत असेल तर तुमची हद्द 10.

11 लिटरच्या सिलिंडरमध्ये हवेचा दाब 200 बार असेल तर तिसऱ्या हिश्श्याचा नियम धरा: 135 बारला परत फिरायचं, 70 बारवर येण्याआधी काठाशी. पण एकट्या डाइव्हरचा खरा जोडीदार म्हणजे स्वतंत्र रेग्युलेटर असलेला दुसरा सिलिंडर. किती मोठा? घाबरलेला माणूस मिनिटाला 40 लिटर ओढतो असं धरू. 600 मीटर उंचीवरच्या गोड्या पाण्यात 12 मीटरवर दाब सुमारे 2.1 बार, म्हणजे मिनिटाला 84 लिटर. अडचण सोडवायला दोन मिनिटं, 168. पाच मीटरपर्यंत वर यायला 56. तिथे तीन मिनिटांचा थांबा, 171. उरलेलं अंतर सावकाश, 48. एकूण 443 लिटर. तीन लिटरची पोनी, म्हणजे असा छोटा राखीव सिलिंडर, 200 बारला भरली की 600 देते, तेवढी पुरते. 85 लिटर हवा देणारी, हातात मावणारी बाटली याच हिशेबात मिनिटभरच चालते, तिच्यावर विसंबून एकट्याने उतरू नका.

पोनीच्या माउथपीसला वेगळा रंग द्या. हमखास होणारी चूक म्हणजे काठावरच तिचा रेग्युलेटर तोंडात घालून निघणं, आणि गरज पडते तेव्हा ती रिकामी. तिचा रेग्युलेटर गळ्यात रबरी फासात, व्हॉल्व्ह उघडा, गेज दिसेल असं.

वजन आणि गाळ

गोडं पाणी हलकं, म्हणून समुद्रापेक्षा कमी वजन लागतं: माणूस आणि सामान मिळून 100 किलो असेल तर सुमारे अडीच किलो कमी. पण हिवाळ्यात जाड सूट घातलात तर तो जास्त तरंगतो आणि हिशेब पुन्हा बदलतो. म्हणून काठाजवळच तपासा. बीसीडी पूर्ण रिकामी, नेहमीचा श्वास रोखलेला, पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे. ॲल्युमिनियमचा सिलिंडर भरलेला असेल तर वर दोन किलो जोडा, कारण रिकामा होताना तो तेवढा हलका होतो. जास्त वजन लावलं की इथे थेट मऊ गाळात रुतता, आणि गाळ उठला की आपलाच हात दिसत नाही.

तळापासून मीटरभर वर राहा, पाय वर-खाली न मारता बेडकासारखे बाजूला फिरवा. रीलची दोरी काठावरच्या दगडाला बांधा, पाण्यात शिरल्यावर बुंध्याला पुन्हा एक वेढा द्या आणि 40 मीटरपलीकडे जाऊ नका. गाळ उठला तर दोरी चिमटीत धरून परत या, ओढू मात्र नका. दोरी सुटली तर होकायंत्राने चढाची दिशा धरा.

पाणी किती स्वच्छ आहे ते उतरण्याआधी तपासा: पांढरी ताटली दोरीला बांधून सोडा. दोन मीटरच्या आत दिसेनाशी झाली तर डाइव्ह रद्द. एप्रिल-मेमध्ये वरचं पाणी स्वच्छ दिसलं तरी काही मीटरखाली एकदम गार, काळोखा थर लागतो.

काठावरचा माणूस

पाण्याखाली एकटे असाल, काठावर नाही. तिथल्या माणसाला लेखी द्या: उतरण्याची वेळ, परतीची वेळ, त्यानंतर 15 मिनिटांनी 112 ला फोन. त्याने पाण्यात उडी मारायची नाही. त्याच्याजवळ ऑक्सिजनचा सिलिंडर आणि मास्क, मिनिटाला 15 लिटर देणारा. डीकॉम्प्रेशन आजारावर (दाब घटल्याने शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होणं) दाबाच्या चेंबरमध्ये उपचार कुठे होतात ते आदल्या दिवशी फोन करून नक्की करा. बॅकवॉटरमध्ये स्पीडबोटी फिरतात, तेव्हा एसएमबी (खुणेचा तरंगता फुगा) वर सोडल्याशिवाय पाण्याबाहेर डोकं काढू नका.

डाइव्हनंतर सांधे दुखले, हातपाय बधिर झाले, विचित्र थकवा आला तर आडवं व्हा, ऑक्सिजन घ्या आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या. उंचावर हवेचा दाब आणखी घटतो, म्हणून लक्षणं नसली तरी पानशेतहून परतताना पिठलं-भाकरीसाठी सिंहगडावर वळायचं नाही. गड 1,300 मीटर उंच आहे, म्हणजे डाइव्हच्या जागेपासून आणखी सुमारे 700 मीटर वर. महाबळेश्वरही त्या दिवशी नको. लोहगावहून विमान असेल तर एका डाइव्हनंतर किमान 12 तास, एकाहून जास्त डाइव्ह झाल्या असतील तर 18 तास थांबा.