भीड भिकेची बहीण: गल्लीतल्या स्पर्धा आणि मैफलींच्या व्यवहारात या चुका टाळा

अंतिम सामना संपला तेव्हा रात्रीचे पावणेदहा झाले होते. विजेत्या संघाच्या हातात ५१,००० रुपयांचा फोमशीटचा भलामोठा चेक, मागे आमदारांपासून नगरसेवकांपर्यंत सगळे, फोटोंवर फोटो. गर्दी पांगल्यावर कप्तान माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, खरा चेक कधी?" मंडळाच्या पेटीत त्या क्षणी २२,४०० रुपये होते. बाकीचे एका शेठच्या "बघू ना, करून टाकू" या वाक्यात अडकले होते.

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या मंडळाचा हिशेब मी बारा-तेरा वर्षं पाहतो. हिवाळ्यात टेनिस-बॉल क्रिकेट, दिवाळीत एक पहाटेची मैफल. नेहरू चौकातल्या पिंपळपारावरची पाडवा पहाट पाहून आली की प्रत्येक कॉलनीला आपलीही पहाट हवी असते, तशी आम्हालाही हवी झाली. या वर्षांत पैसे कमी पडले म्हणून आम्ही फार वेळा तोंडावर पडलो नाही. पडलो ते पैशाचं बोलायची लाज वाटली म्हणून.

"बघू ना"ला होकार समजणं

नाशिकचा माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. चहा पाजतो, मंडळाचं कौतुक करतो, "तुम्ही आपलेच" म्हणतो. आपण जिना उतरतानाच पत्रिकेवर त्याचं नाव छापायला टाकतो. आमचं संभाषण असं झालं होतं:

"शेठ, यंदा पहिलं बक्षीस तुमच्याकडून."
"अरे करू ना, त्यात काय!"
"धन्यवाद शेठ!"

यात रक्कम नाही, तारीख नाही, आणि शेठला बदल्यात काय मिळणार तेही नाही. हल्ली मी तिथेच, चहाचा कप हातात असतानाच विचारतो: "शेठ, आकडा किती धरू? निम्मे पत्रिका छापायच्या आधी मिळतील का? आणि तुमचं नाव कुठे हवं, टी-शर्टवर, बाउंड्रीच्या बॅनरवर की चषकावर?" घरी आल्यावर तेच तीन ओळींत व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. उत्तरात नुसता अंगठा आला तरी चालतो. काहीच आलं नाही तर नाव छापत नाही. पहिल्या वर्षी दोन जण रुसले. एकाने मात्र दुसऱ्याच दिवशी पैसे पाठवले.

पैसे हातात नसताना बक्षिसाचा आकडा जाहीर करू नका, हे त्यातूनच येतं. सोळा संघ, बाद पद्धत, म्हणजे पंधरा सामने. प्रवेश फी ३,५०० धरली तर ५६,००० जमतात. ते मैदान, चेंडू, पंच, स्कोअरर, दिवे आणि पाणी यांतच संपतात. बक्षीस प्रवेश फीतून निघेल हा हिशेब कागदावरही जमत नाही. तरी दरवर्षी कोणीतरी शेजारच्या वॉर्डापेक्षा मोठा आकडा फ्लेक्सवर टाकतोच. २०२४ मध्ये टेनिस-बॉलची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग (आयएसपीएल) सुरू झाल्यापासून तर प्रत्येक गल्लीत लिलाव, संघमालक आणि आयकॉन खेळाडू आले. लिलावात खेळाडूवर लागलेली बोली पॉइंटांत असते, रुपयांत नव्हे, हे मालकांना आणि खेळाडूंना एकाच खोलीत बसवून आधी सांगा. आमच्याकडे एका पोराने ८,००० पॉइंटचे ८,००० रुपये मागितले होते. बिचाऱ्याची चूक नव्हती, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

कंपनीच्या दारात चुकीचा शब्द वापरणं

सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत कंपन्या आहेत म्हटल्यावर कोणीतरी हमखास म्हणतो, "सीएसआरमधून काढू," म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून. मग अर्जात लिहितो: सीएसआर निधीतून सहकार्य करावे, मैदानभर आपल्या कंपनीचे बोर्ड लावू. एकाच वाक्यात दोन परस्परविरोधी मागण्या झाल्या. जाहिरातीचा फायदा घेण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व कायद्याने सीएसआरमध्ये धरलंच जात नाही. ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक खेळ यांचं प्रशिक्षण त्यात बसतं, आमचा सिडको चषक बसत नाही. शिवाय तो निधी घेणाऱ्या संस्थेची सरकारकडे सीएसआर-१ नावाची नोंदणी लागते, हे २०२१ च्या एप्रिलपासून आहे. अर्ज वाचून अधिकारी हसून चहा देतात आणि विषय संपतो.

जाहिरात विकत असाल तर मार्केटिंगवाल्याला भेटा आणि जाहिरात म्हणूनच विका: किती प्रेक्षक, किती दिवस, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण आहे का. प्रेक्षकांचा आकडा फुगवू नका. तो माणूस शनिवारी संध्याकाळी गाडी लावून पाहून जातो.

पैसे आले की पुढचा घोळ. एका कंपनीने ५०,००० कबूल केले आणि खात्यावर ४९,००० आले. समितीत आठवडाभर माझ्याकडे वाकड्या नजरेने पाहिलं गेलं. ती २ टक्के टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच कापून घ्यायच्या प्राप्तिकराची, कपात होती. जाहिरातीच्या कामाची रक्कम एका वेळी ३०,००० च्या वर गेली की कंपनीला ती करावीच लागते. मंडळाचा पॅनच नसेल तर कपात २० टक्के, म्हणजे पन्नासातले थेट दहा हजार. हे बैठकीत आधी सांगून ठेवा, नंतर सांगितलं की सबब वाटते.

कंपनी जीएसटीचं बिल मागते तेव्हा घाबरून मित्राच्या दुकानाचं बिल देणं, ही याहून वाईट चूक. आपली नोंदणी नाही हे सरळ सांगा आणि मंडळाच्या लेटरहेडवर साधी मागणी द्या. मंडळाला प्रायोजकत्वाचे पैसे देणारी कंपनी असेल तर त्यावरचा जीएसटी भरायची जबाबदारी तिचीच असते, आणि हे तिच्या अकाउंटंटला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

गायकाशी बोलणं, साथीदारांना गृहीत धरणं

माझ्या मते ही सगळ्यांत लाजिरवाणी चूक, आणि ती आम्ही दोनदा केली.

मुख्य गायिकेशी मानधन ठरलं. तबला आणि संवादिनीवाले "त्यांचेच असतील" असं आम्ही मनात धरलं. त्यांनी धरलं की साथीदारांचं मंडळ पाहील. पहाटे साडेचारला तबलजी सामान घेऊन हजर. कार्यक्रम सुरेख झाला, लोकांनी डोळे पुसले, आणि पाकीट एकच. तबलजींनी "असू द्या हो" म्हटलं. ते "असू द्या" मला अजून ऐकू येतं.

आता पहिल्याच फोनवर विचारतो: "ताई, हा आकडा तुमचा एकटीचा की साथीसह? साथीदारांना आम्ही थेट देऊ की तुमच्या हाती? तानपुरा, गाडी, नाश्ता कुणाकडे?" विचारताना जीभ जड होते, पण ताईंना उलट बरं वाटतं. विसार किती, तो कधी, आणि कार्यक्रम रद्द झाला तर त्याचं काय, हेही याच फोनवर. दिवाळीत पाऊस येतो, हे आता नाशिकला नवीन राहिलेलं नाही. पावसाने मोडलेल्या मैफलीतही कलाकाराने ती तारीख आपल्यासाठी अडवून ठेवलेली असते, म्हणून विसार परत मागू नये असं माझं मत. आमच्या समितीत यावर अजून वाद आहे.

"मानधन नाही, पण व्यासपीठ मोठं आहे, प्रसिद्धी मिळेल" हे वाक्य मात्र डोक्यातून काढून टाका. मंडपवाल्याला, केटरिंगवाल्याला कोणी प्रसिद्धीवर बोलावत नाही.

शास्त्रीय किंवा लोककलेच्या कार्यक्रमासाठी कलाकाराचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. सुगम आणि चित्रपटगीतांना ही सवलत नाही. वाद्यवृंदाचं कोटेशन घेताना "करासह की करावेगळं" हे तीन शब्द विचारले नाहीत तर १८ टक्क्यांचा फटका बसू शकतो.

ढोल पथकाची सुपारी देतानाही हेच. नाशिक ढोल म्हटलं की पंचक्रोशीबाहेरूनही मागणी असते, आणि सुपारी प्रमुखाशी ठरते. किती ढोल, किती ताशे, किती तास, गाडीभाडं आणि जेवण कुणाचं, हे बोला. "दणक्यात वाजवा" याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो.

पैशाचं बोललं की कलेचा अपमान होतो असं कोणी म्हणालं तर मला थोर शास्त्रीय गायक पलुस्कर आठवतात. विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते संस्थानिकाच्या आश्रयावर नाही, तर वर्गणी आणि मैफलींच्या कमाईवर. पुढे मुंबईतली विद्यालयाची इमारत कर्जापायी हातची गेली, आणि शेवटच्या काळात ते आपल्या नाशिकलाच, रामनाम आधार आश्रमात राहिले. गाण्याच्या एवढ्या मोठ्या माणसालाही ताळेबंद टाळता आला नाही.

"सगळं आलं ना यात?"

साउंडवाल्याला हा प्रश्न विचारू नका. तो "हो दादा" म्हणतो आणि त्याच्या "सगळं"मध्ये स्पीकर, मिक्सर आणि दोन माइक असतात. कलाकारासमोरचे मॉनिटर स्पीकर, तबल्याचे वेगळे माइक, हमाली, टेम्पो, जनरेटरचं डिझेल हे त्याच्या "सगळं"बाहेर. यादी मागा. आणि कलाकाराच्या माणसाचा नंबर साउंडवाल्याला आठवडाभर आधी द्या, ते दोघं पाच मिनिटांत जे ठरवतात ते आपल्याला दोन बैठकांत जमत नाही.

वेळेचा हिशेबही पैशाचाच. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री १० ते पहाटे ६ बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग. बारापर्यंतची सूट सरकार वर्षात फार तर १५ दिवस देऊ शकतं, ते दिवस जाहीर होतात, आपण ठरवत नाही. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालयाच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असू शकतं. तीन तासांचे पैसे मोजून, पाहुण्यांची भाषणं आटोपेपर्यंत पावणेनऊ वाजवले, तर उरतो सव्वा तास. आम्ही भाषणांसाठी किती पैसे मोजले हे एकदा काढलं होतं, आकडा समितीला दाखवला नाही. आणि पहाटेचा कार्यक्रम सहाच्या आत सुरू करणाऱ्यांनी परवानगीचं पोलीस ठाण्यात आधी बोलून घ्यावं, "पहाटे कोण येतंय" यावर विसंबू नये.

सन्मानिका

कालिदास कलामंदिरात कार्यक्रम करायचा ठरला की तिकिटाआधी फुकट पासांची, म्हणजे सन्मानिकांची, मागणी सुरू होते. पहिल्या चार रांगा सन्मानिकांत जातात, आणि सन्मानिकावाले निम्मे येत नाहीत. कलाकार रिकाम्या रांगांकडे पाहून गातो, तिकीट काढलेला माणूस मागून पाहतो. सन्मानिकेवर "कार्यक्रमापूर्वी १५ मिनिटांपर्यंत ग्राह्य" एवढं छापा आणि पाळा. दर ठरवताना लक्षात घ्या: माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या प्रवेशमूल्यावर जीएसटी नाही. ५५० चं तिकीट लावून पन्नास जास्त मिळवायला गेलात तर, नोंदणी असेल त्याला, कर भरून जेमतेम ४६६ उरतात.

गाण्यांच्या हक्कांचं थोडक्यात. मंचावर चित्रपटगीतं गायली तर गीतकार-संगीतकारांच्या वतीने आयपीआरएस ही संस्था, आणि ध्वनिमुद्रित गाणी वाजवली तर ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या वतीने पीपीएल ही संस्था परवाना मागू शकते. लग्नाच्या वरातीला आणि धार्मिक विधीला कायद्यात सूट आहे. तिकीट लावलेल्या "सुवर्णगीतांच्या" संध्याकाळी तो आधार चालत नाही. वाद्यवृंदवाला "आजवर कोणी विचारलं नाही" म्हणेल. परवाना कोण काढणार हे त्याच्याच कोटेशनवर लिहून घ्या.

एकाच्या मोबाइलवरचा क्यूआर

वर्गणी, प्रवेश फी, तिकिटं, सगळं खजिनदाराच्या खासगी खात्यात. सोयीचं वाटतं. मग त्याच्या मुलीच्या फीचे पैसे आणि मंडपाचे पैसे एकाच पासबुकात येतात, कोणाचं काय ते सांगता येत नाही, आणि बारा वर्षांची मैत्री साडेसहा हजारांवर तुटते. आमच्याकडे तुटली. मंडळाची नोंदणी नसेल तरी तात्पुरत्या उत्सवासाठी वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ क. ती काढली की बँकेतही बोलायला तोंड राहतं, आणि दोन सह्यांचं खातं मागता येतं.

आधीच बिनसलं असेल तर

फोन टाळू नका. देणं असलेल्या माणसाला त्याचा फोन यायच्या आत आपण करा, आकडा स्वतः उच्चारा, त्याच्या तोंडून यायची वाट पाहू नका. जे आहे ते त्याच दिवशी द्या आणि उरलेल्याची तारीख द्या, "लवकरच" नको. त्या कप्तानाला मी २२,००० तिथेच दिले आणि फोमशीटच्या मागे मार्करने "बाकी २९,०००, संक्रांतीपर्यंत" लिहून सही केली. पोरांनी तो चेक माझ्याच घरी आणून ठेवला. शेठकडून शेवटी दहा हजार आले, बाकीचे समितीतल्या पाच जणांनी घातले.

तबलजींना फोन करायला मला सात महिने लागले. आकडा सांगितला, चुकलं म्हणालो, यूपीआय नंबर मागितला. पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "यंदा साउंड तोच आहे का? मागच्या वेळी डग्गा ऐकूच येत नव्हता."