जुन्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप: खोलायच्या आधी हे बघा

मुरबाड-शहापूरकडे चिखलणीच्या टायमालाच जुने ट्रॅक्टर रुसतात, आणि मग जो तो म्हणतो पंप (इंजिनाला प्रेशरने डिझेल पुरवणारा) गेला, पण निम्म्या वेळा पंपाला काहीच झालेलं नसतं. पावसात टाकीत पाणी उतरतं नाहीतर फिल्टर चोक होतो, म्हणून आधी फिल्टरखालचा नट ढिला करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या, पाणी असेल तर खाली बसलेलं दिसेल.

मग एअर, म्हणजे डिझेलच्या लाईनीत अडकलेली हवा, काढा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) ढिला करून हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप) मारत राहायचं, बुडबुडे बंद होऊन सलग डिझेल आलं की आवळा, तसंच पंपावरच्या स्क्रूचं. पुन्हा पुन्हा एअर धरत असेल तर टाकीकडून येणारा पाईप आणि वायसर बघा, दहा-वीस रुपयाचा वायसर माणसाला दिवसभर नाचवतो.

इंजिन मिस मारत असेल तर स्लोवर चालू ठेवून एकेका नोझलचा (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) पाईपनट जरा ढिला करायचा, ज्याने आवाजात काहीच फरक पडत नाही तो सिलेंडर काम करत नाहीये. हात मात्र लांब ठेवा हां, त्या प्रेशरचं डिझेल कातडीत घुसतं आणि मग थेट ऑपरेशन. त्या सिलेंडरचं नोझल दुसऱ्या सिलेंडरच्या नोझलशी अदलाबदल करून बघा, दोष नोझलबरोबर सरकला तर पंप वाचला.

नाहीच तर पंप काढा, पण आधी फ्लँजवर (पंप इंजिनाला जिथे बोल्टने बसतो ती कडा) टायमिंगची खूण करा, म्हणजे परत त्याच जागी बसवता येईल. प्लंजर (पंपातला डिझेल दाबणारा दांडा) घरी खोलू नका, ते काम टेस्ट बेंचवालाच (पंप तपासायचं मशीन असलेला मेकॅनिक) करू शकतो.