आफ्रिकन स्टडीजच्या परिषदा, फेलोशिप आणि अर्ज : या चुका टाळा

आफ्रिकेवर काम करणारी मराठी मुलंमुली थोडी आहेत. मात्र संधी आपल्याला वाटतात तितक्या कमी नाहीत. मुंबई विद्यापीठात १९७१पासून आफ्रिकन स्टडीजचं केंद्र आहे, दिल्ली विद्यापीठातला विभाग १९५५चा आहे आणि जेएनयूतही या विषयाचं केंद्र आहे. देशाबाहेर लंडनचं सोआस, नेदरलँड्समधलं लायडन, घानातलं लेगॉन, युगांडातलं मकेरेरे अशी विद्यापीठांची मोठी नावं आहेत. या ठिकाणी व्याख्यानं होतात, कार्यशाळा भरतात, परिषदांसाठी निबंध मागवले जातात आणि फेलोशिप जाहीर होतात. तरीही चांगले अर्ज अगदी साध्या कारणांवरून बाद पडतात. अर्जदाराची तयारी असते, वाचन असतं, पण चूक भलत्याच जागी होते. याची हळहळ वाटते, कारण यातल्या बहुतेक चुका आधी माहीत असल्या तर टळू शकतात.

विषयाच्या जागी नुसतं ‘आफ्रिका’ लिहिणं

सगळ्यात मोठी चूक हीच. आफ्रिकन युनियनचे सदस्य देश ५५ आहेत. ‘आफ्रिकेतील महिलांचे सक्षमीकरण’ असं शीर्षक पाठवलं की निवड समितीला पहिला प्रश्न पडतो तो देशाचा. सेनेगल की मोझांबिक? शहरातल्या की खेड्यातल्या? कोणत्या काळातल्या? ‘आशियातील शेतकऱ्यांच्या समस्या’ असा निबंध कोणी आपल्यापुढे ठेवला तर आपण तो गांभीर्याने घेणार नाही. त्यांनाही तसंच वाटतं.

निबंधाचा गोषवारा कसा बिघडतो ते एका नमुन्यावरून पाहू. बरेच अर्ज साधारण असे सुरू होतात :

‘भारत आणि आफ्रिका यांचे संबंध हजारो वर्षांपूर्वीचे आहेत. जागतिकीकरणाच्या युगात हे संबंध अधिक दृढ होणे ही काळाची गरज आहे. प्रस्तुत निबंधात या संबंधांचा आढावा घेतला आहे.’

यात चुकीचं काही नाही आणि कामाचंही काही नाही. तोच विद्यार्थी नाशिकचा असेल तर त्याला असंही लिहिता येईल :

‘एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराने हिंदी महासागरात पकडलेल्या गुलामांच्या गलबतांवरून सुटलेली काही आफ्रिकन मुलं नाशिकजवळच्या शरणपूर मिशनमध्ये वाढली. १८७५मध्ये मोंबासाजवळ फ्रीअरटाउनची वसाहत उभी राहिली तेव्हा त्यांच्यातले अनेकजण तिकडे गेले. शरणपूरला शिकलेल्या सुतारकाम-लोहारकामामुळे आणि इंग्रजीमुळे नव्या वस्तीत त्यांचं स्थान काय ठरलं, हा या निबंधाचा प्रश्न आहे. त्यासाठी मिशनचे अहवाल आणि मुंबई सरकारचे त्या काळचे कागद तपासले आहेत.’

चारच वाक्यं आहेत, पण त्यात माणसं आहेत, जागा आहे, वर्ष आहे, प्रश्न आहे आणि साधनंही आहेत. समितीला हेच हवं असतं. याच शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरलेला शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शेवटच्या काळात त्याच्या तुकडीत होता आणि लिव्हिंग्स्टनचं शव घेऊन थेट लंडनपर्यंत गेला. एप्रिल १८७४मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या दफनविधीला तो हजर होता. नाशिकचा शरणपूर रोड रोज ओलांडणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? आपल्याकडे असे दुवे पडून आहेत आणि आपले अर्ज मात्र ‘काळाची गरज’ लिहून थांबतात.

याचीच दुसरी बाजू म्हणजे मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, निजामशाहीचा कारभार हाकणारा, खडकी (पुढचं औरंगाबाद) वसवणारा हा माणूस मोठाच, त्यामुळे महाराष्ट्रातून जाणारे बरेच अर्ज त्याच्यापाशी किंवा जंजिऱ्याच्या सिद्दींपाशी येऊन थांबतात. विषय घ्यायला हरकत नाही. पण नवा कागद, नवा प्रश्न किंवा निदान नवी मांडणी हाताशी नसेल तर समितीला तो अर्ज आधी वाचल्यासारखा वाटतो.

घराजवळचं दफ्तर विसरणं

परदेशी विद्यापीठात अर्ज करताना मुलं तिथल्या ग्रंथालयाची तारीफ करण्यात दोन परिच्छेद घालवतात. तुमच्याकडे काय आहे, हे त्यांना अधिक महत्त्वाचं असतं.

मोझांबिकचा कारभार १७५२पर्यंत गोव्याच्या व्हॉइसरॉयच्या हाताखाली होता, म्हणून त्या किनाऱ्याचे कागद पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. झांझिबारमधला ब्रिटिश प्रतिनिधी एकोणिसाव्या शतकात बराच काळ मुंबई सरकारशी पत्रव्यवहार करत होता. तो पत्रव्यवहार शोधायचा तर फोर्टातल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार गाठावं लागतं. औंध संस्थानचे आप्पासाहेब पंत १९४८ ते १९५४ नैरोबीत भारताचे आयुक्त होते आणि केनियाच्या स्वातंत्र्यलढ्याचा तो ऐन धगधगता काळ. मूळ गोव्याचे पियो गामा पिंटो याच लढ्यात उतरले आणि १९६५मध्ये नैरोबीत त्यांची हत्या झाली. पोर्तुगीज येणारा गोव्याचा विद्यार्थी आणि मोडी वाचणारा पुण्याचा विद्यार्थी जे करू शकतो ते लंडनमधल्या अनेकांना जमणार नाही. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात ही गोष्ट ठळकपणे आली पाहिजे. ती शेवटी ‘भाषाज्ञान’ या रकान्यात एका शब्दात उरकू नका.

भाषेबद्दल आणखी एक. केनिया किंवा टांझानियावर काम करायचं असेल तर स्वाहिलीची निदान सुरुवात केलेली दिसायला हवी. ‘निवड झाल्यावर शिकेन’ हे वाक्य अर्जाला जड जातं.

जाहिरात अर्धीच वाचणं

युरोपातली आफ्रिकन स्टडीजची मोठी परिषद, ईकास, दर दोन वर्षांनी विषम वर्षांत भरते. २०२३ची कोलोनला झाली, २०२५ची प्रागला. ब्रिटनच्या संघटनेची परिषद सम वर्षांत असते. अमेरिकन संघटनेची बैठक दरवर्षी होते आणि तिच्यासाठीचे प्रस्ताव कित्येक महिने आधी घेतले जातात. कार्यक्रम जाहीर झाल्यावर जागं होणाऱ्यांना त्या वर्षी फक्त प्रेक्षक म्हणून जाता येतं. वर्षाच्या सुरुवातीलाच या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

अशा परिषदांमध्ये निबंध बहुधा आधीच ठरलेल्या एखाद्या पॅनेलसाठी पाठवायचा असतो. यादी लांबलचक असते, म्हणून मुलं ओळखीचा शब्द दिसताच पहिल्या पॅनेलवर क्लिक करतात आणि फसतात. पॅनेलचं टिपण पूर्ण वाचा, त्यातला मुख्य प्रश्न ओळखा आणि आपला गोषवारा त्या प्रश्नाला उत्तर देतो का ते तपासा. शंका असेल तर पॅनेलच्या संयोजकांना चार ओळींचा मेल टाका. ही माणसं उत्तर देतात. तोच मेल वीस प्राध्यापकांना एकदम पाठवलात तर मात्र उत्तराची आशा सोडा.

पात्रतेच्या अटींवर मुलांचा फार वेळ वाया जातो. अमेरिकन विद्यापीठांमधली ‘फ्लास’ ही भाषाशिक्षणाची फेलोशिप आजवर तिथल्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठीच राहिली आहे. युरोपातल्या अनेक केंद्रांच्या पाहुण्या फेलोशिप आफ्रिकेतल्या विद्यापीठांत काम करणाऱ्यांसाठी राखीव असतात, आणि ते योग्यच आहे. ज्या खंडाचा अभ्यास होतो त्याच खंडातल्या अभ्यासकांना व्हिसा, पैसा आणि ग्रंथालय मिळवताना सर्वांत जास्त अडचणी येतात. डाकारची कोडेस्रिया ही संशोधन परिषद १९७३ साली उभी राहिली ती आफ्रिकन समाजशास्त्रज्ञांना स्वतःचं व्यासपीठ हवं म्हणूनच. आपल्यासाठी नसलेल्या जागेवर अर्ज करून नकार आला की मन खट्टू होतं. त्यापेक्षा अर्ज भरण्याआधी पात्रता तपासायला दहा मिनिटं द्या.

वेळेचा घोळ

ऑनलाइन व्याख्यान हुकण्याचं नेहमीचं कारण हेच. नैरोबी आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, जोहान्सबर्ग साडेतीन, लागोस साडेचार, अक्रा आणि डाकार साडेपाच. या शहरांचं घड्याळ वर्षभर बदलत नाही. लंडनचं मात्र मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, त्यामुळे सोआसची पाचची बैठक आपल्याकडे हिवाळ्यात साडेदहाला आणि उन्हाळ्यात साडेनऊला सुरू होते.

मुदत लिहिताना काही ठिकाणी ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ असं म्हणतात. त्यानुसार ३१ तारखेची मुदत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास संपते. ही सवलत आहे, पण तिच्या भरवशावर बसू नका, कारण शेवटच्या तासात पोर्टल हमखास रडतं. फाइल चढत नसेल तर आधी आकार पाहा, मग फाइलचं नाव साध्या रोमन अक्षरांत करून पाहा, देवनागरी नावं काही पोर्टलना झेपत नाहीत. तरीही जमलं नाही तर स्क्रीनशॉट घ्या आणि मुदत संपायच्या आत संयोजकांना मेल करा. मुदतीनंतर आलेल्या तक्रारीला वजन नसतं.

‘निवड झाली’ म्हणजे पैसे मिळाले असं समजणं

निबंध स्वीकारल्याचं पत्र आलं की घरात पेढे येतात. त्या पत्रात बहुतेक वेळा नोंदणी शुल्क, प्रवास आणि मुक्काम तुमच्याच खिशातून असतो. शुल्कमाफीचा किंवा प्रवासमदतीचा अर्ज वेगळा असतो आणि त्याची मुदत कित्येकदा आधीच संपते, म्हणून गोषवारा पाठवतानाच तो भरा. देशातल्या आयसीएसएसआरसारख्या संस्थांकडे प्रवासअनुदानासाठी बऱ्याच आधी जावं लागतं. नोकरी करणाऱ्यांनी कॉलेजची एनओसीही त्याच सुमारास मागून ठेवावी. प्राचार्यांच्या टेबलावरून कागद पुढे सरकायला किती दिवस लागतात ते ज्याला त्याला ठाऊक असतं.

कागदपत्रं : इथे खरी गाडी अडते

आधी नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव पुढे, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या पदवीवर एक आणि पासपोर्टवर दुसरंच. निमंत्रणपत्र मागतानाच पासपोर्टवर आहे ते नाव, त्याच स्पेलिंगने, संयोजकांना कळवा. पत्र आल्यावर दुरुस्ती मागण्यात हातचे दिवस जातात आणि व्हिसाची तारीख हुकते.

मग पिवळ्या तापाची लस. केनिया, युगांडा, घाना, नायजेरिया, इथिओपिया हे देश या तापाच्या पट्ट्यात येतात. तिथून परत येताना तुमच्याकडे लसीचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. घाना तर प्रवेशालाच ते मागतो. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. निघायच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की ती आयुष्यभर चालते. अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. दक्षिण आफ्रिकेला जाताना वाटेत नैरोबी किंवा आदिस अबाबाला विमान बदलणार असाल, तर तिथल्या थांब्याचे नियमही तपासून घ्या.

सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे संशोधन परवाना. परिषदेला जाऊन निबंध वाचणं वेगळं आणि तिथे राहून मुलाखती घेणं, दफ्तर चाळणं वेगळं. केनियात संशोधनासाठी नाकोस्टी या सरकारी संस्थेचा परवाना लागतो, टांझानियात कोस्टेकचा, युगांडात यूएनसीएसटीचा. केनियात परदेशी संशोधकाला स्थानिक संस्थेशी संलग्नताही दाखवावी लागते. ई-प्रवेशपरवाना काढून पर्यटक म्हणून उतरायचं आणि मुलाखती उरकायच्या, हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पुढे तुमच्या प्रबंधाला नीतिमत्तेची मंजुरी अडते आणि जी माणसं तुमच्याशी विश्वासाने बोलली त्यांनाही त्रास होऊ शकतो.

शेजारच्या बाकावरचा माणूस न दिसणं

ही चूक अर्जाची नाही, पण मला ती सर्वांत जास्त लागते. पुण्यात सुदान, केनिया, टांझानिया, नायजेरिया अशा अनेक देशांचे विद्यार्थी वर्षानुवर्षं शिकतात. २५ मे १९६३ला आदिस अबाबात आफ्रिकन एकता संघटना स्थापन झाली म्हणून २५ मे हा आफ्रिका दिन. तो दिवस आला की या विद्यार्थ्यांना नाचायला आणि जेवण करून आणायला बोलावतात, आणि व्याख्यानाच्या मंचावर मात्र इथलेच लोक बसतात. कँटीनमध्ये त्यांच्याशी कोणी बोलत नाही, भाड्याने खोली बघायला गेले की दार बंद होतं. आफ्रिकेवर प्रबंध लिहिणाऱ्याने निदान आपल्या वसतिगृहातल्या दार-ए-सलामच्या मुलाला त्याचा विषय कोणता आहे ते विचारावं. कार्यक्रम तुम्ही आखत असाल तर त्यालाही आयोजन समितीत घ्या, सत्राचं अध्यक्षपद द्या. चर्चेची उंची तिथेच बदलते. आणि प्रश्नोत्तरांत ‘तुमच्या आफ्रिकेत’ असं म्हणण्याआधी समोरचा कोणत्या देशाचा आहे ते विचारून घ्या.

नकार आला तर

नकाराच्या मेलला दोन ओळींत आभार मानून अभिप्राय मागा. सगळे देत नाहीत, पण ज्यांनी दिला त्यांचं वाक्य जपून ठेवा. तोच गोषवारा जसाच्या तसा दुसरीकडे पाठवू नका, नव्या जागेचा प्रश्न वाचून पहिली तीन वाक्यं तरी नव्याने लिहा. दरम्यान आपल्या विद्यापीठातल्या केंद्रात जा, एखाद्या चर्चासत्रात निबंध वाचा, त्यावरचे प्रश्न टिपून घ्या. आफ्रिकन स्टडीज असोसिएशन ऑफ इंडियाचं नियतकालिक आहे, मुंबईच्या केंद्रानेही नियतकालिक काढलं आहे, तिथे काय छापून येतं ते वाचत राहा. पुढच्या फेरीसाठीचा मसुदा मुदतीच्या महिनाभर आधी मार्गदर्शकांकडे द्या आणि शिफारसपत्राची आठवणही त्याच मेलमध्ये करा.