१९७१ च्या युद्धाची रोजनिशी: समुद्र आणि आकाश एकाच पानावर कसे मांडावे

नाशिककरांना युद्धाची दोन अंगे जवळची आहेत. देवळालीमुळे तोफखाना आपल्या परिचयाचा आहे, आणि ओझरला १९६४ साली मिग-२१ विमानांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिल्यापासून विमाने येथील अनेक कुटुंबांच्या रोजच्या बोलण्याचा भाग झाली. समुद्र मात्र आपल्यापासून लांब राहिला. त्यामुळेच शाळा-महाविद्यालयांतील प्रकल्पांत किंवा अभ्यासमंडळांच्या टिपणांत १९७१ चे युद्ध लिहिले जाते तेव्हा रणगाडे आणि विमाने यांना पानेच्या पाने मिळतात आणि नौदलाच्या वाट्याला कराचीवरील हल्ल्याचा एखादा परिच्छेद येतो. ही उणीव भरून काढण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे युद्धाची दिवसवार नोंदवही स्वतः तयार करणे. ती कशी करावी, हे येथे सांगितले आहे.

मोठ्या आकाराची कोरी वही घ्यावी आणि ३ ते १७ डिसेंबर १९७१ या पंधरा दिवसांपैकी प्रत्येक दिवसासाठी समोरासमोरची दोन पाने राखून ठेवावीत. डावीकडे समुद्र, उजवीकडे आकाश, आणि दोन्ही पानांच्या कडेला चोवीस तासांची एकच पट्टी आखावी, म्हणजे एका वेळी घडलेल्या गोष्टी एका ओळीत येतील. आरंभी एक पान पूर्वपीठिकेसाठी ठेवावे, कारण हवाई चकमकी ३ डिसेंबरपूर्वीच सुरू झाल्या होत्या. २२ नोव्हेंबरला पूर्व सीमेवरील बोयरा येथे आपल्या नॅट विमानांनी पाकिस्तानी सेबर विमाने पाडली, ती नोंद या पानावर यावी. नौदलाची स्वतःची विमाने कोणत्या पानावर लिहावीत, हा प्रश्न लवकरच उभा राहतो. ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून उडालेले सी हॉक लढाऊ विमान हे आकाशातले खरे, पण त्याला आज्ञा नौदलाची होती, म्हणून ते डाव्या पानावर लिहावे आणि तेथून उजव्या पानापर्यंत बाण काढावा. असे बाण जितके जास्त पडतील तितकी वही उपयोगाची झाली असे समजावे.

पहिली काळजी घड्याळाची घ्यावी लागते. त्या वेळी भारताचे घड्याळ पश्चिम पाकिस्तानच्या अर्धा तास पुढे आणि पूर्व पाकिस्तानच्या अर्धा तास मागे होते, म्हणजे कराची आणि ढाका यांच्यातच एका तासाचा फरक होता. एकाच घटनेच्या दोन वेळा वाचायला मिळाल्या की कुणीतरी चुकले आहे असा निष्कर्ष काढण्याआधी हा अर्धा तास तपासावा. पश्चिम आघाडीवरील शस्त्रसंधीची वेळ भारतीय वृत्तांतांत १७ डिसेंबरच्या रात्री आठची आणि पाकिस्तानी वृत्तांतांत साडेसातची आढळते. क्षण मात्र एकच आहे. वहीत सर्व नोंदी भारतीय प्रमाणवेळेत कराव्यात आणि मूळ वेळ दुसऱ्या रंगाने शेजारी लिहावी.

रात्रीच्या कारवायांचा घोळ याहून मोठा असतो, कारण रात्र दोन तारखांत विभागलेली असते. ‘४ डिसेंबरच्या रात्री’ या शब्दांनी एक लेखक ३ आणि ४ च्या मधली रात्र सांगत असतो, तर दुसरा ४ आणि ५ च्या मधली. पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’ विशाखापट्टणमजवळ बुडाली ती ३ तारीख संपून ४ लागल्यावर, मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात, आणि कराचीवरचा पहिला क्षेपणास्त्र हल्ला झाला तो ४ तारखेच्या रात्री साडेदहानंतर. दोन्ही घटना ‘४ डिसेंबर’ याच तारखेखाली येतात, पण त्यांच्यात जवळजवळ पूर्ण दिवसाचे अंतर आहे. म्हणून ‘३-४ ची रात्र’, ‘४-५ ची रात्र’ असे जोडनावच लिहिण्याची सवय ठेवावी.

त्यानंतर प्रत्येक पानाच्या माथ्यावर सूर्य आणि चंद्र यांची नोंद करावी. हे काम पुष्कळ जण टाळतात, आणि माझ्या मते तेथेच वहीचा अर्धा अर्थ हरवतो. डिसेंबरच्या आरंभी नाशिकला सूर्य सहाला काही मिनिटे असताना मावळतो, ढाक्यात तो भारतीय वेळेप्रमाणे पावणेपाचच्या सुमारासच मावळतो आणि कराचीत सव्वासहाच्या आसपास. ३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर इत्यादी तळांवर हल्ला केला तो सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास, म्हणजे पंजाबात सूर्य मावळून थोडा वेळ झाल्यावर, संधिप्रकाशात. प्रत्युत्तरासाठी दिवसाचा उजेड उरू नये अशी ती वेळ होती. चंद्रासाठी जुने पंचांग पुरेसे आहे. मार्गशीर्ष पौर्णिमा २ डिसेंबरला दुपारी संपली आणि १७ डिसेंबरला अमावास्या होती, म्हणजे हे युद्ध जवळजवळ संपूर्ण कृष्णपक्षात लढले गेले. पहिल्या रात्री चांदण्याच्या होत्या; ९ डिसेंबरला रात्री पावणेनऊ-नऊच्या सुमारास ‘खुकरी’ ही भारतीय युद्धनौका बुडाली तेव्हा चंद्र उगवलेलाही नव्हता.

एवढी तयारी झाली की ४ डिसेंबरचे पान नमुना म्हणून आधी भरावे, कारण हा दिवस सर्वांत समृद्ध आहे. डाव्या पानावर पहिली नोंद ‘गाझी’ची येईल. ही पाणबुडी ‘विक्रांत’च्या शोधात आली होती, पण ‘विक्रांत’ तेव्हा अंदमानच्या बाजूला सुरक्षित होती आणि ती विशाखापट्टणमजवळ आहे असा आभास ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेच्या संदेशांनी निर्माण केला गेला होता. सकाळी अकराच्या सुमारास ‘विक्रांत’च्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर आणि त्यानंतर चितगावावर हल्ले केले, येथे उजवीकडे बाण जाईल. उजव्या पानावर पहाटेपासून वायुदलाचे पश्चिमेकडील तळांवरचे आणि ढाक्याच्या तेजगाव तळावरचे हल्ले येतील. डाव्या पानावर दुपारभर जी जागा रिकामी दिसते ती रिकामी ठेवू नये. ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौका, ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ यांच्या सोबतीने, त्या वेळी पाकिस्तानी विमानांच्या टेहळणीच्या कक्षेबाहेर समुद्रात अंधार पडण्याची वाट पाहत होत्या. पाकिस्तानी विमानांना रात्री समुद्रावर हल्ला करणे कठीण होते, याच हिशेबावर सारी योजना आधारलेली होती. रात्री ‘खैबर’ ही विनाशिका, ‘मुहाफिज’ ही सुरुंगनिवारक नौका आणि ‘व्हीनस चॅलेंजर’ हे मालवाहू जहाज बुडाले. या मोहिमेचे सांकेतिक नाव ‘ट्रायडंट’ होते आणि याच दिवसाच्या स्मरणार्थ ४ डिसेंबर हा नौदल दिन झाला.

आता त्याच रात्रीच्या उजव्या पानाकडे पाहावे. राजस्थानात लोंगेवाला येथे पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत होते आणि जैसलमेरची हंटर विमाने उडू शकत नव्हती, कारण रात्री हल्ला करण्याची साधने त्यांच्यात नव्हती. उजाडल्यावर, ५ डिसेंबरच्या सकाळी, त्यांनी ते रणगाडे मोडून काढले. एकाच अंधाराने कराचीजवळ आपल्या नौकांना आडोसा दिला आणि वाळवंटात शत्रूच्या रणगाड्यांना. निरनिराळ्या प्रकरणांत विभागलेल्या इतिहासात हे सहसा नजरेत भरत नाही. समोरासमोरच्या दोन पानांवर ते न सांगता दिसते. ही पद्धत मला मोलाची वाटते ती एवढ्यासाठीच.

पुढची शिस्त पुराव्याची आहे. प्रत्येक नोंदीला तीन बारीक रकाने जोडावेत: घटना घडली तो दिवस, ती जाहीर झाली तो दिवस, आणि दुसऱ्या बाजूचे म्हणणे. ‘गाझी’ ४ तारखेला बुडाली, पण भारताने ते ९ डिसेंबरला जाहीर केले. ज्याने केवळ वर्तमानपत्रांवरून वही भरली तो पाच दिवसांनी चुकेल. ती कशामुळे बुडाली याविषयी भारताचे म्हणणे ‘राजपूत’ने टाकलेल्या डेप्थ चार्जचे (पाण्याखाली फुटणाऱ्या स्फोटकांचे) आहे, तर पाकिस्तानचे म्हणणे अपघाती स्फोटाचे. वहीने येथे निवाडा करू नये, दोन्ही म्हणणी लिहून ठेवावीत. कराचीजवळच्या केमारी येथील तेलाच्या टाक्या कुणी पेटवल्या याविषयी तर आपल्याच वायुदलाचे आणि नौदलाचे दावे वेगवेगळे आहेत, तेव्हा ती नोंद दोन्ही पानांवर करावी.

त्या क्षणी प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसाचे म्हणणेही तपासावे लागते. ‘खैबर’वर क्षेपणास्त्र आदळले तेव्हा जहाजावरून संदेश गेला तो शत्रूच्या विमानाने हल्ला केल्याचा, कारण अंधारातून झेपावणारा तो प्रकाश त्यांना विमानासारखा भासला. याच भीतीच्या वातावरणात ६ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी स्वतःच्याच ‘झुल्फिकार’ या फ्रिगेटला भारतीय क्षेपणास्त्र नौका समजून तिच्यावर गोळीबार केला. या दोन नोंदी बाणाने जोडाव्यात, कारण समुद्रावरील हल्ल्याचा परिणाम दुसऱ्या बाजूच्या वैमानिकांच्या मनावर कसा झाला, ते त्यांतून कळते.

६ ते ८ डिसेंबरची पाने भरताना ठळक मथळे कमी मिळतील, परंतु रोजचे काम थांबलेले नव्हते. पूर्वेकडे मिग-२१ विमानांनी तेजगावची धावपट्टी अशी उखडली की तेथील सेबर विमानांना पुन्हा उडता आले नाही, आणि त्यानंतर पूर्वेचे आकाश आपले झाले. बंगालच्या उपसागरातील नाकेबंदी त्यामुळे किती सोपी झाली, ते डाव्या पानावर नोंदवावे. ८-९ च्या रात्री ‘विनाश’ या क्षेपणास्त्र नौकेने ‘तलवार’ आणि ‘त्रिशूल’ या युद्धनौकांसह कराचीवर दुसरा हल्ला केला.

९ डिसेंबरचे पान सावकाश आणि आदराने भरावे. दीवजवळ ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता त्यासोबत गेले. ‘हंगोर’चा शोध पुढे काही दिवस चालला, पण ती निसटली. १० डिसेंबरला नौदलाचे एक अलिझे विमान अरबी समुद्रावर पाकिस्तानी एफ-१०४ लढाऊ विमानाने पाडले, तेव्हा डाव्या पानावरची ही हानी उजव्या पानावरच्या शत्रूमुळे झाली, हेही दाखवावे.

साधनांसाठी १८४० साली स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयापासून आरंभ करावा आणि ‘गावकरी’सारख्या तत्कालीन दैनिकांचे अंक कोठे पाहता येतील याची चौकशी करावी. वर्तमानपत्राच्या प्रत्येक बातमीपुढे अंकाची तारीख लिहावी, घटनेची तारीख गृहीत धरू नये. ओझर, देवळाली किंवा नाशिकरोड येथील ज्येष्ठांशी बोलताना आधी वही दाखवू नये. त्यांना आठवते ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि नंतर पानाशी ताडून पाहावे. या आठवणी वहीच्या शेवटी स्वतंत्र विभागात ठेवाव्यात, मुख्य पानांत मिसळू नयेत. समुद्रावरील अंतरे सागरी मैलांत दिलेली असतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा धरून दोन्ही आकडे लिहावेत.

शेवटच्या दिवसांत उजवे पान भरगच्च होईल: ११ तारखेचा पूर्व पाकिस्तानातील तंगाईल येथील छत्रीसैनिकांचा उतार, १४ तारखेला ढाक्यातील गव्हर्नरच्या निवासस्थानावरील मिग-२१ चा हल्ला आणि त्याच दिवशी श्रीनगरच्या आकाशात एकाकी झुंज देऊन हुतात्मा झालेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों, ज्यांना वायुदलाचे आजवरचे एकमेव परमवीर चक्र मिळाले. १६ डिसेंबरच्या पानावर ढाक्यातील शरणागतीची भारतीय वेळ, १६.३१, लिहून तिच्याशेजारी तेथील सूर्यास्ताची वेळ लिहावी. १७ डिसेंबरला रात्री आठ वाजता दोन्ही पानांवर आडवी रेघ मारावी, आणि त्यानंतर कळालेली प्रत्येक दुरुस्ती मूळ नोंद न खोडता, वेगळ्या शाईने व दुरुस्तीच्या तारखेसह त्या त्या दिवसाच्या समासात करत जावी.