डिझेल फिल्टर बदलल्यावर हवा काढणे

नागपूर जिल्ह्यात काटोल, कळमेश्वरच्या संत्राबागांमधून अजूनही एका सिलिंडरची डिझेल इंजिने पाणी उपसतात, आणि फिल्टर बदलल्यानंतर ती सुरू होत नसतील तर दोष बहुधा डिझेल दाबणाऱ्या पंपात नसून डिझेलच्या नळीत अडकलेल्या हवेत असतो. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल उघडण्यासाठी साधारण २०० बार दाब लागतो. डिझेल दाबले जात नाही, हवा मात्र आकुंचन पावते, त्यामुळे पंपाचा सारा जोर तिथेच विरतो.

काम सुरू करण्यापूर्वी जोडांवरची धूळ ब्रशने झाडून डिझेलने धुवावी, कारण उन्हाळ्यात इथली बारीक माती उघड्या जोडातून आत गेली तर पंप आणि नोझल दोन्ही खराब होतात. टाकी भरून आधी फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा आणि बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार येईपर्यंत थांबावे. नंतर पंपावरच्या स्क्रूपाशी तेच करावे. इथे घाई करणारेच दिवसभर हँडल मारत बसतात. शेवटी नोझलकडील नळीचा नट थोडा ढिला करून, डिकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडून हँडल हलके करणारा दांडा) उचलून हँडल फिरवावे आणि निव्वळ डिझेल उसळू लागले की नट आवळावा. यानंतर हँडल फिरवताना नोझलमधून ‘कर्र’ असा आवाज येतो.

तांब्याचे वॉशर चपटे झाले असल्यास नवेच घालावेत. नोझल बाहेर काढून फवारा तपासताना हात त्यासमोर कदापि धरू नये, कारण त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते आणि तसे झाल्यास, जखम टाचणीएवढी दिसली तरी, तातडीने रुग्णालय गाठावे लागते.