ग्रॉसिंगच्या टेबलावरचे पहिले महिने

पॅथॉलॉजीत आलेल्या प्रत्येकाला मायक्रोस्कोपची घाई असते. मलाही होती. पण पहिले काही महिने मला ग्रॉसिंगच्या टेबलावर, म्हणजे आलेला नमुना डोळ्यांनी तपासून त्याचे तुकडे कापायच्या टेबलावर, उभं केलं. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, निम्मं निदान तिथेच शिकले.

डबा उघडण्याआधी फॉर्म वाचा. नाव, वय, नमुना कुठला, डावा की उजवा, आणि डब्यावरच्या लेबलशी ते जुळतं का. फॉर्मवर नुसतं 'गाठ' लिहिलं असेल तर लाजू नका, सरळ सर्जनला फोन लावा. हाडाच्या गाठीचं निदान एक्स-रे न पाहता करायला तर मुरलेले लोकही धजत नाहीत.

मग फॉर्मॅलिन, म्हणजे नमुना कुजू नये म्हणून त्याला घट्ट करणारं द्रावण. १० टक्क्यांचं, आणि नमुन्याच्या किमान दहापट. ते आत हळूहळू मुरतं, तासाला साधारण १ मिलिमीटर. त्यामुळे मोठा अवयव न चिरता बुडवून ठेवला की बाहेरून घट्ट होतो आणि आतून कुजत राहतो. पण प्रत्येक नमुना डोळे झाकून फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा नसतो. ऑपरेशन चालू असताना येणारा फ्रोझन सेक्शनचा (गोठवून लगेच कापून पाहायचा) तुकडा ताजाच हवा. किडनी बायोप्सीतला इम्युनोफ्लोरेसन्सचा (चमकणाऱ्या रंगाने प्रतिपिंडं दाखवणाऱ्या तपासणीचा) तुकडाही वेगळा काढावा लागतो.

यानंतर अल्कोहोलमध्ये पाणी निघतं, झायलीनमध्ये अल्कोहोल निघतं आणि त्याची जागा मेण घेतं. हे बहुतेक ठिकाणी मशीन रात्रभरात करून टाकतं. तुकडा मेणात कोणत्या बाजूवर बसवायचा, हे मात्र हातानेच ठरतं, आणि माझी फजिती तिथेच झाली. त्वचेची एक छोटी पंच बायोप्सी (गोल पात्याने काढलेला तुकडा) मी उभी न लावता आडवी लावली. छेद तिरका गेला आणि वरच्या थराची बेटं खाली तरंगताना दिसू लागली. कॅन्सर आत घुसलाय, असं मी छातीठोकपणे सांगितलं. सरांनी स्लाइड पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "हा कॅन्सर तू तयार केलास." मेणाचा ब्लॉक वितळवून, तुकडा फिरवून पुन्हा लावला. त्वचा नॉर्मल निघाली. तुकडा पुरून उरला हे नशीब, कारण दर वेळी कापताना तो संपत जातो.

मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, ३ ते ५ मायक्रॉनचे काप निघतात. ब्लॉक बर्फावर गार केला की कापांची सलग रिबन नीट येते. ती कोमट पाण्यावर सोडून स्लाइडवर उचलायची. दोन ब्लॉकच्या मध्ये पाण्याचा पृष्ठभाग टिश्यू पेपरने पुसायला विसरू नका, नाहीतर एका पेशंटचा कण दुसऱ्याच्या स्लाइडवर जातो आणि भलतंच निदान होतं. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने केंद्रकं निळी-जांभळी आणि बाकीचं गुलाबी रंगतं; ते जमायला फार दिवस लागत नाहीत.

आणि कॅसेटवर, म्हणजे तुकडा ठेवायच्या छोट्या प्लास्टिकच्या डबीवर, नंबर पेन्सिलीनेच घाला. साध्या पेनाची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते, आणि सकाळी समोर एकसारखे दिसणारे दहा बिननावाचे तुकडे असतात.