पत्ता परत ठेवला नाही, तर अंशही तपासा
पिसलेल्या ५२ पत्त्यांच्या कॅटमधून एकापाठोपाठ दोन पत्ते काढताना दुसरा अपूर्णांक लिहिण्याआधी उरलेले पत्ते पुन्हा मोजा. पहिला एक्का निघाला, की राहिले ५१ पत्ते आणि त्यात ३ एक्के. म्हणून दुसराही एक्का असण्याची सशर्त संभाव्यता (म्हणजे पहिला पत्ता एक्का निघाल्याचं माहीत असतानाची) ३/५१, म्हणजे १/१७. दोन्ही एक्के येण्याची ४/५२ × ३/५१ = १/२२१. पुष्कळ मुलं छेद ५१ करतात, पण अंश ४ च ठेवतात, आणि तिथेच गुण जातात. पहिला राजा निघाल्याचं दिलं असेल, तर मात्र ४/५१ बरोबर.

पहिला पत्ता पालथाच ठेवला, पाहिलाच नाही, तर? दुसरा एक्का असण्याची संभाव्यता १/१३ च राहते. मला हे फार सुंदर वाटतं. पहिला एक्का असण्याची आणि नसण्याची, दोन्ही शक्यता मिळवून पडताळून बघा: ४/५२ × ३/५१ + ४८/५२ × ४/५१.